टारफुल्याच्या बोंडात अळी दिसली म्हणून लगेच फवारू नका

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातून एका शेतकऱ्यांनी विचारलं आहे. खरिपाच्या ज्वारीत टारफुला, म्हणजे पिकाच्या मुळांतून रस शोषून जगणारं तण, माजला, मजूर लावून उपटायला घेतला, तेव्हा काही झाडांची बोंडं फुगलेली दिसली. एक फोडलं तर आत पांढरी अळी. शेंड्यावर तिळाएवढे करडे, सोंड असलेले किडेही होते. औषधाच्या दुकानात सल्ला मिळाला, ‘हा सोंडकिडा आहे, ज्वारीवर जाईल, फवारून मोकळे व्हा.’ कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने मोबाइलवर वाचून उलटंच सांगितलं, ‘हा टारफुला खाणारा मित्रकिडा आहे, आफ्रिकेत मुद्दाम सोडलाय.’ दोघांपैकी खरं कोणाचं, आणि मुलाचं खरं असेल तर हाच किडा वाढवून टारफुला कायमचा घालवता येईल का, असे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मुलाचं खरं, फवारू नका. दुसऱ्याचं उत्तर मात्र मुलाला आवडणार नाही. हा किडा टारफुला घालवणार नाही, आणि त्याचं कारण किड्याच्या आळसात नसून टारफुल्याच्या बियांच्या हिशेबात आहे. ते नीट सांगायचं तर थोडं लांबून यावं लागेल.

आधी ओळख. तुम्ही वर्णन केलेला किडा स्मायक्रोनिक्स या प्रजातीतला आहे. सोंडकिड्यांच्या अफाट कुळातली ही एक छोटी शाखा, तरी तिच्यात जगभर शंभराहून अधिक जाती आहेत. बहुतेकांची लांबी दोन ते तीन मिलिमीटर. अंगावर करडे-पांढरे खवले, त्यामुळे मातीच्या रंगात मिसळून जातात. बोटाने हलवलं की पाय आखडून खाली पडतात आणि मेल्याचं सोंग घेतात. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते शेतात सापडत नाहीत याचं निम्मं कारण हे सोंग. सोंडेच्या टोकाला जबडे असतात. मादी त्यांनी फुलाच्या बीजकोशाला छिद्र पाडते, मग वळून त्यात अंडं सोडते.

धान्याच्या पोत्यात होणाऱ्या टोक्यालाही सोंड असते, म्हणून दुकानदाराचा घोटाळा झाला असावा. तो वेगळ्या प्रजातीचा, सायटोफिलस. तो साठवलेल्या ज्वारीचा, गव्हाचा, तांदळाचा दाणा पोखरतो आणि टारफुल्याकडे ढुंकूनही बघत नाही. स्मायक्रोनिक्सचं नेमकं उलटं आहे. ज्वारीचं ताट त्याच्या लेखी टारफुल्याला आधार देणारी काठी, इतकंच. या प्रजातीतल्या जाती आपापल्या यजमान वनस्पतीला फार घट्ट बांधलेल्या असतात.

आणि यजमानांची निवड मोठी गमतीची आहे. आशिया, आफ्रिका, युरोपातल्या बऱ्याच जाती परोपजीवी तणांवर जगतात : टारफुल्यावर, तंबाखूच्या मुळांवर जगणाऱ्या बंबाखूवर, अमरवेलीवर. म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याच्या जिवावर जगणारे हे किडे. युरोपात अमरवेलीच्या खोडावर मण्यांसारख्या गाठी करणारी एक जात शंभर-दीडशे वर्षांपासून अभ्यासकांना माहीत आहे. अमेरिकेत या प्रजातीने दुसराच संसार मांडला. तिथल्या कित्येक जाती सूर्यफुलाच्या कुळात शिरल्या. गाजर गवतही त्याच कुळातलं, त्याची गोष्ट पुढे येईलच.

आता तुमच्या शेतातली गोष्ट. टारफुल्याला फुलं येऊ लागली की मादी कोवळ्या बीजकोशात अंडं घालते. बीजकोश बोंड होण्याऐवजी गोल फुगतो आणि त्याची गाठ होते. अळी पांढरी, बिनपायांची, कमानीसारखी वाकलेली, डोकं तपकिरी. ती आतली कोवळी बीजं खाऊन टाकते. पूर्ण वाढली की भोक पाडून खाली पडते, मातीत शिरते, मातीच्याच कणांचं घरटं करून त्यात कोषावस्थेत जाते. सुगी झाली, थंडी गेली, उन्हाळा गेला, तरी ती मातीतच. पुढच्या पावसाळ्यात टारफुला वर येण्याच्या सुमाराला नवे किडे बाहेर पडतात. वर्षाला एकच पिढी.

शेतात खात्री करायची तर चांगलं बोंड आणि गाठ शेजारी ठेवून नखाने फोडा. चांगलं बोंड सडपातळ असतं, हिरव्या पुष्पकोशात अर्धं लपलेलं. पिकलेलं असेल तर तपकिरी पूड हातावर सांडते. ती पूड म्हणजेच बी. गाठ टपोरी आणि ओली असते, आत एकच अळी आणि तिची विष्ठा. पूड नसतेच. म्हणजे एका गाठीमागे टारफुल्याचं शेकडो बी कमी झालं.

शेकडो हा आकडा ऐकून माणूस खूश होतो. माझा मुद्दा इथेच आहे.

टारफुल्याच्या बीची लांबी मिलिमीटरचा पाव भाग, त्याहून जास्त क्वचितच. एक जोमदार झाड हजारोंनी, कित्येकदा दहा-दहा हजारांनी बी टाकतं, आणि ते जमिनीत दहा वर्षांहून जास्त काळ जिवंत राहू शकतं. समजा एका झाडाने ४० हजार बी धरलं आणि किड्याने मोठा पराक्रम करून निम्मं खाल्लं. उरलं २० हजार. ज्वारीच्या एका ताटाच्या मुळांवर टारफुल्याची किती झाडं मावतात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, फार तर आणखी थोडी. जागा दहाची आणि उमेदवार ४० हजारांऐवजी २० हजार, तर भरती तेवढीच होणार. शिवाय मागच्या दहा हंगामांचा साठा जमिनीत आहेच, त्याला किडा हातही लावत नाही.

हे गणित अभ्यासकांनीही मांडून पाहिलं आहे. पश्चिम आफ्रिकेत टारफुल्याचीच स्ट्रायगा हर्मोंथिका नावाची, जांभळ्या-गुलाबी फुलांची मोठी जात ज्वारी-बाजरीचा काळ आहे. तिथे स्मायक्रोनिक्स अम्ब्रिनस हा किडा मुळातच सापडतो. मालीतल्या परिस्थितीवर बेतलेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती मांडणीचा निष्कर्ष असा, की उगवणाऱ्या टारफुल्याची संख्या निम्म्यावर आणायची तर किड्याने दरवर्षी ९५ टक्के बी नष्ट करायला हवं. उत्तर घानात प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा या किड्यांमुळे बीमध्ये झालेली घट सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास भरली. ९५ आणि १७ यांच्यातली दरी चार-दोन डबे किडे सोडून भरत नाही.

तुमच्या मुलाने वाचलेली आफ्रिकेची गोष्ट खरी आहे, आणि तिचा धागा भारतातच सुरू होतो. कॉमनवेल्थ जैविक नियंत्रण संस्थेचं केंद्र बंगळूरला होतं. तिथल्या कीटकशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात भारतातल्या टारफुल्यावर कोणकोणते किडे जगतात याची पाहणी केली. त्यांत स्मायक्रोनिक्स अल्बोव्हॅरिएगॅटस हा सोंडकिडा होता, आणि युलोकास्ट्रा नावाच्या एका छोट्या पतंगाची अळी होती, जी पानं, फुलं, बोंडं सगळंच खाते. हे दोन्ही कीटक १९७४ आणि १९७८ मध्ये भारतातून इथिओपियात नेऊन सोडले. त्यातून तिथला टारफुला आटोक्यात आला असं मात्र झालं नाही. टारफुल्याची पानं कुरतडणारी काळी, काटेरी सुरवंटं दिसली तर तीही मारू नका. ती बहुधा निळ्या पंखांच्या त्या सुंदर पॅन्सी फुलपाखराची असतात, जे आपल्याकडे पडीक रानात जमिनीलगत उडताना दिसतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, तिचा विचार उत्साही मंडळी करत नाहीत. परदेशातून आलेल्या तणावर त्याच्या मायदेशातला किडा आणून सोडला तर तो कधीकधी चमत्कार करतो, कारण किड्याचे स्वतःचे शत्रू मागेच राहिलेले असतात. टारफुला आपल्याकडचा, त्याचा सोंडकिडा आपल्याकडचा, आणि सोंडकिड्याच्या अळीत अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्याही आपल्याकडच्याच. तुमच्या शेतात आज जो टारफुला दिसतोय तो किड्याने आपला वाटा खाऊन उरलेला आहे. पिंजऱ्यात वाढवून जादा किडे सोडले तरी दोन हंगामांत गाडी पुन्हा मूळ जागी येते. त्यात हा प्राणी वर्षाला एकच पिढी देतो, तीही जिवंत टारफुल्यावर. म्हणजे किडे वाढवायला आधी टारफुला पेरायचा. याचा खर्च कोणी काढत बसू नये.

गाजर गवताचं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर असणार. ते परदेशी तण. पुण्यात १९५०च्या दशकात नजरेस आलं आणि पुढे काँग्रेस गवत म्हणून देशभर पसरलं. त्यावर १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला काही कीटक आणले होते. झायगोग्रामा हा पट्ट्यापट्ट्यांचा मेक्सिकन भुंगा सगळ्यांना माहीत आहे, कारण तो टिकला आणि पावसाळ्यात गाजर गवताची पानं फस्त करताना दिसतो. त्याच वेळी स्मायक्रोनिक्स ल्युट्युलेंटस हा आपल्या किड्याचा मेक्सिकन भाऊही आणला होता. तो गाजर गवताच्या कळीत अंडं घालतो आणि अळी दाणा खाते, एका दाण्यात एक अळी. पण बंगळूरच्या प्रयोगशाळेत त्याची पैदास जमली नाही, त्यामुळे भारतात तो सोडलाच गेला नाही. तिसरा कीटक खोडात गाठी करणारा पतंग होता. चाचणीत तो कारळ्यावरही वाढू शकतो असं दिसल्यावर त्याची वसाहत नष्ट करण्यात आली. कारळे आपल्या आदिवासी पट्ट्यातलं तेलबियांचं पीक, त्याच्याशी जुगार खेळायचा नव्हता. मला हा निर्णय आजही योग्य वाटतो. ऑस्ट्रेलियात मात्र हाच ल्युट्युलेंटस १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सोडला आणि क्वीन्सलंडमध्ये रुजला. दक्षिण आफ्रिकेने २०१५ मध्ये तो सोडायला सुरुवात केली. तिथेही तो एकटा लढत नाही. पानं खाणारा भुंगा, खोड पोखरणारा किडा, तांबेरा अशी फौज आहे आणि हा तिच्यातला एक शिपाई. बी खाणाऱ्या किड्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

मग हे किडे कुठे खरोखर जड जातात? अमेरिकेतल्या सूर्यफुलात. उत्तर आणि दक्षिण डकोटा ही तिथली सूर्यफुलाची मोठी राज्यं. स्मायक्रोनिक्स फल्व्हस म्हणजे तांबडा बी-सोंडकिडा हा तिथला मूळ रहिवासी, रानटी सूर्यफुलावरून शेतातल्या सूर्यफुलावर आलेला. उन्हाळ्यात किडे जमिनीतून निघतात, कळीवर आणि परागावर ताव मारतात, मग भरत्या दाण्यात मादी अंडं घालते. अळी दाण्यातला गर पूर्ण संपवतही नाही, काही भाग खाते, भोक पाडते आणि जमिनीत उतरते. १५ सेंटिमीटरपर्यंत खोल जाऊन बर्फाचा हिवाळा तिथेच काढते. म्हणजे जीवनक्रम तुमच्या टारफुल्यातल्या किड्याचाच. पण तिथे शेतकरी प्रत्येक दाणा विकतो. शंभरातले १७ दाणे पोखरले तर १७ टक्के मालाला फटका, सरळ हिशेब. खायच्या सूर्यफुलात तर पोखरलेला दाणा गिऱ्हाइकाच्या दाताखाली येतो, म्हणून तिथे फवारणीची मर्यादा एका फुलामागे एका किड्यावर आणतात. तेलाच्या सूर्यफुलात ती चार-सहा किड्यांपर्यंत सोसतात. लवकर पेरणी करून फुलोरा किड्यांच्या आधी उरकणं हा तिथला जुना आणि चांगला उपाय. वर्षानुवर्षं एकाच गटाची पायरेथ्रॉईड औषधं मारल्याने दक्षिण डकोटात ती आता नीट लागू पडेनाशी झाली आहेत. लातूर-सोलापूरकडे सूर्यफूल करणाऱ्यांनी यावरून घाबरून जाऊ नये, तो किडा आपल्याकडे नाही. आपल्या सूर्यफुलाच्या फुलात अळी दिसली तर ती बहुधा घाटेअळी असते.

तोच १७ टक्क्यांचा घास डकोटाच्या शेतकऱ्याला रडवतो आणि टारफुल्याला त्याची खबरही लागत नाही. कारण टारफुल्याला लाखांतली दोन-चार बियाणी तगली तरी पुरतं.

आता तुमच्या ज्वारीचं काय करायचं ते बोलू.

टारफुल्याचं बी आपणहून उगवत नाही. जमीन ओली-उबदार होऊन एक-दोन आठवडे जावे लागतात, आणि मग जवळ यजमानाच्या मुळातून झिरपणारी विशिष्ट रसायनं पोहोचावी लागतात. त्या रसायनांपैकी पहिलं १९६६ मध्ये कपाशीच्या मुळांच्या स्रावातून वेगळं केलं गेलं. गंमत म्हणजे कपाशीवर टारफुला जगू शकत नाही. कपाशी त्याला बोलावते आणि उपाशी मारते. भुईमूग, सोयाबीन, तूर, चवळी, सूर्यफूल यांचंही कमीजास्त असंच आहे. किडा जमिनीतल्या साठ्याला हात लावत नाही असं वर म्हटलं, ही पिकं मात्र त्या साठ्याला हात लावतात. म्हणून त्या तुकड्यात ज्वारीवर ज्वारी नको. दोन-तीन खरीप भुईमूग किंवा सोयाबीन घ्या. ज्वारीऐवजी मका, बाजरी किंवा ऊस हा फेरपालट नव्हे, ती सगळी टारफुल्याचीच घरं आहेत. तुमच्या भागात ऊसवाल्यांचीही टारफुल्याबद्दल तक्रार आहे, ती याचमुळे.

बीला फसवून उगवायला लावायचं, ही युक्ती अमेरिकेने सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरली. कॅरोलायना राज्यांत मक्याच्या शेतात १९५६ मध्ये टारफुला ओळखला गेला. तिथे शिकायला गेलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याने ‘हे तर आमच्याकडचं तण’ म्हणून तो ओळखला असं सांगतात. पुढे तिथल्या सरकारने ४ लाख एकरांहून जास्त क्षेत्रावर विलगीकरण, तणनाशकं आणि जमिनीत इथिलीन वायू सोडणं असं सत्र कित्येक दशकं चालवलं आणि जवळजवळ सगळं क्षेत्र मोकळं केलं. इथिलीनने बी यजमान नसताना उगवतं आणि मरतं. आपल्याला तो खर्च झेपणारा नाही, कपाशी-भुईमुगाला तेच काम फुकटात सांगता येतं.

उपटणं चालू ठेवा, पण वेळ सांभाळा. टारफुला जमिनीवर दिसतो तोवर चार-सहा आठवडे तो खाली मुळांवर रक्त पीत असतो, त्यामुळे या वर्षीच्या ज्वारीचं नुकसान उपटून भरून येत नाही. उपटायचं ते पुढच्या वर्षांसाठी, म्हणून फूल येण्याआधी उपटलं तरच पैसे वसूल. बोंडं धरल्यावर उपटलेलं झाड बांधावर टाकलं तरी त्यावरचं बी पिकू शकतं, म्हणून ते जाळा. उकिरड्यात टाकू नका आणि बैलांपुढेही नको. बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर येतं आणि शेणखताबरोबर सगळ्या रानात पसरतं. ‘किड्यासाठी थोडी झाडं ठेवू का?’ असं मुलगा विचारेल. ठेवू नका. एका गाठीतला किडा वाचवायला त्याच झाडावरची चाळीस चांगली बोंडं पिकू देणं हा तोट्याचा सौदा. बांधावर, पडीक जागेत किडा आपला आपण टिकतो.

नत्र आणि स्फुरद कमी पडलेल्या हलक्या रानात ज्वारीची मुळं ती बोलावणारी रसायनं जास्त सोडतात. टारफुला गरिबाच्या रानात जास्त का दिसतो याचं एक उत्तर यात आहे. शेणखत आणि शिफारशीएवढं खत हा म्हणूनच टारफुल्यावरचाही इलाज ठरतो. वाणांमध्ये एन-१३ ही आपल्याच देशातली जुनी ज्वारी प्रतिकारासाठी जगभर वापरली गेली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने एसएआर नावाच्या प्रतिकारक ओळी तयार केल्या. बियाणं घेताना कृषी विद्यापीठाच्या ज्वारी केंद्रावर टारफुल्याचं नाव काढून विचारा. दुकानात या गुणाबद्दल कोणी सांगत नाही.

तणनाशकाचं विचाराल म्हणून सांगतो. ज्वारीत उगवलेल्या टारफुल्यावर २,४-डी चालतं, मात्रा डब्यावरच्या लेबलप्रमाणे. पण तुमच्या भागात शेजारी द्राक्षबाग असण्याची शक्यता मोठी, आणि द्राक्ष, कपाशी, तूर यांना या औषधाचा वाऱ्यावरचा तुषारही सोसत नाही. बाग जवळ असेल तर मी खुरपंच हातात घेईन.

राहिला मुलगा. त्याला कुतूहल आहे, ते वाया जाऊ देऊ नका. पंधरा-वीस फुगलेल्या गाठी देठासकट खुडून रुंद तोंडाच्या बरणीत ठेवायला सांगा. बरणीत आधी चार बोटं चाळलेली, किंचित ओलसर माती घाला आणि तोंडाला पातळ मलमलीचं फडकं बांधा. काही दिवसांत अळ्या गाठी सोडून मातीत उतरतील. गाठी काढून टाका, बरणी सावलीत ठेवा, माती पार कोरडी होऊ देऊ नका आणि पुढच्या जून-जुलैत थोडी जास्त भिजवा. बाहेर काय पडतं ते रोज पाहायचं. करडे सोंडकिडे निघतील, आणि त्यांच्या बरोबरीने काही बारीक काळ्या गांधीलमाश्याही निघाल्या तर त्या फेकू नका. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत, स्पिरिटमध्ये घाला. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी : गाव, तारीख, कोणत्या पिकातला टारफुला, फुलाचा रंग, आणि पुष्पकोशावर उभ्या शिरा किती. पाच, दहा की पंधरा, एवढ्यावरून टारफुल्याची जात बरीचशी कळते. किड्याची जात डोळ्यांनी सांगता येत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. बाटल्या जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात नेऊन द्या.